खालापूरला नेलेला तुझा कागद

काकी,

काल देवळात बैठक झाली आणि यंदाही पंचायत बिनविरोध करायची असं गावानं ठरवलं. गावानं म्हणजे कुणी, ते तुला सांगायला नको. तुझ्या वेळी ज्या पायरीवर पाच जण बसत तिथं आता सहा बसतात, एवढाच फरक. साखर वाटली, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवले, गावात कशी एकी आहे ते बोलून झालं. घरी आलो तर बायकोनं विचारलं, कुणाकुणाचं ठरलं. मी नावं सांगितली. तिनं ऐकून घेतली, राहिलेली भांडी घासली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, मी अर्ज भरतेय, सूचक म्हणून सही तू करायची. मीच का, असं मी विचारायच्या आत तिनं सांगूनही टाकलं. ज्यानं काकीचा कागद फाडला त्याचीच सही माझ्या अर्जावर पाहिजे. परवा शेवटचा दिवस आहे. अर्ज आत्ता माझ्यासमोर, पिठाच्या डब्यावर ठेवलेला आहे, वर उडू नये म्हणून पाना ठेवलाय.

माझी बायको कोण, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी असाच होतो, कॉलेज सोडलेला, काही न करणारा, कुणी वाकडं बोललं की अंगावर जाणारा. गिरणीवाल्यांची मुलगी, काकी. तीच. आणि मी हे लिहितोय तेही त्याच गिरणीत बसून. सासऱ्यांचे गुडघे गेले, आता पट्टा मी चढवतो. इंजिन जाऊन मोटर आलीय, पण लाइट दुपारी जाते ती जातेच, त्यामुळं गिरणी गप्प आहे आणि मला वेळ आहे. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दहा वर्षं राहिली आहे. ती मला एकदम सांगता येणार नाही, सुरुवातीपासूनच सांगावी लागेल, जरी त्यातली निम्मी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असली तरी.

मी पनवेलहून ट्रंक घेऊन परत आलो ते दिवस आठव. वर्गातल्या एकाला मारलं होतं, माफीनामा लिहून दे म्हणाले, मी दिला नाही, असं मी बाबांना सांगितलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तू मात्र काहीच विचारलं नाहीस. आई गेल्यापासून मला तूच वाढवलंस, त्यामुळं माझ्या पोटातलं तुला तोंड उघडायच्या आधी कळायचं. भात कांडायला न्यायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. एका फेरीत पोतं जायचं ते मी पायली पायली करून न्यायला लागलो. आज एक पायली, उद्या एक पायली. गिरणीच्या ओट्यावर ती बसलेली असायची, तांदूळ मोजून द्यायची, आणि मी माझ्या पायलीभर तांदळाकडं बघत उभा राहायचो. ती माझ्याकडं बघायची सुद्धा नाही. आठ दिवसांनी तू मला म्हणालीस, "एवढा तांदूळ आपल्या घरात कोन खातंय रं?" बाबा जेवत होते. तू त्यांना आमटी वाढलीस.

त्याच महिन्यात नळाचं झालं. सरकारी नळयोजना आली आणि पंचायतीनं नळ देवळासमोर बसवला, जिथं पुरुषांना पाय धुवायला बरं पडतं. तुम्ही बायका वरल्या आळीतून हंडे घेऊन खाली उतरायच्या आणि भरलेले हंडे घेऊन पुन्हा चढ चढायच्या. पहिल्या दिवशी तू हंडा उतरवलास, दाराशीच बसलीस आणि मला विचारलंस की हे ठरवलं कुणी. मी म्हटलं, पंचायतीनं. पंचायत कुणी ठरवली? मी म्हटलं, बिनविरोध झाली, निवडणूक लागली नाही. तेव्हा तू बोटं मोजलीस. सासरी आल्यापासून तू दिल्लीसाठी मत दिलं होतंस, मुंबईसाठी दिलं होतंस, काका होते तेव्हा दोघं बैलगाडीतून गेला होतात, बोटाची शाई महिनाभर जपली होतीस. गावासाठी मात्र कधीच नाही. म्हणालीस, "दिल्लीचं मत हाय, मुंबईचं हाय, आन माझ्या हंड्याचं मत नाय?"

मला तेव्हा हे ऐकून चेव आला. मला कशानंही चेव यायचा. मी म्हटलं मोर्चा काढू, नळ उखडून टाकू. तू म्हणालीस, नळ कशाला उखडतोस, पानी बरं येतंय. तुला मोर्चा नको होता. पंचायतीची मुदत संपत आली होती, आणि तुला एक अर्ज पाहिजे होता. एका वॉर्डात एका जागेला दोन अर्ज झाले की मतदान घ्यावंच लागतं, हे तू शाळेतल्या गुरुजींकडून नीट समजून घेतलं होतंस. निवडून यायची तुला हौस नव्हती. तुला नुसतं मतदान व्हायला पाहिजे होतं. हे कुणाला पटेना. देवळातल्या पाचांना वाटलं, खुर्चीची हाव सुटली. त्यांनी बाबांकडूनच निरोप पाठवला की बायकांच्या दोन जागा असतातच, त्यातली एक वहिनींना देऊ, बिनविरोध. त्या जागा कशा असतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या तरी बायकोचं नाव लागायचं, मिटिंगची वही घरी यायची, चुलीपुढं अंगठा उठायचा, वही परत जायची. तू बाबांना म्हणालीस, "मला जागा नको, भावजी. मला मतदान पायजे." बाबा म्हणाले, एकच झालं. तू म्हणालीस, नाय झालं.

बाबा स्वतः त्या पाचातले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तुझ्या हातचं जेवण बंद केलं. आता घरात जेवण करणारी तूच एकटी, त्यामुळं ते चार दिवस आत्याकडं जेवले आणि आत्याचं तिखट सोसेना म्हणून पाचव्या दिवशी नुसते पोहे दह्यात कालवून खात बसले. तू त्यांचं ताट रोज मांडायचीस आणि रोज झाकून ठेवायचीस.

तुझ्या अर्जावर सूचक म्हणून सही करायला कोण मिळेल, याची मला काळजी होती. तू सुईण आजीचा अंगठा घेऊन आलीस. तिला दम द्यायला गिरणीवाले, त्या पाचातलेच, स्वतः गेले होते, आणि तिनं त्यांना ओट्यावरच उभं ठेवून सांगितलं, तुजी नाळ मी कापली, तू मला कसला दम देतोस. हे सगळ्या आळीनं ऐकलं. गिरणीवाले परत फिरले, पण दुसऱ्या दिवशी तुझ्याकडं येणाऱ्या घरांचं भात गिरणीतून परत यायला लागलं. पट्टा तुटलाय, उद्या या. उद्या गेलं तरी पट्टा तुटलेला, आणि मागच्या दारानं दुसऱ्यांचं भात कांडून निघतंय. माझं डोकं फिरलं. मी कुऱ्हाड शोधत होतो, खरंच. तू मला आत बोलवलंस आणि पडवीतलं उखळ मोकळं करायला लावलंस. वर्षानुवर्षं त्याच्यावर आपण वैरण टाकत होतो.

गिरणी बंद झाली नसती तर तुझं काम झालं असतं की नाही कुणास ठाऊक. एरवी बायकांना दुपारी एका जागी बसायला निमित्त काय? आता रोज आठ-दहा जणी भात घेऊन यायच्या, दोघी दोघी मुसळ चालवायच्या, बाकीच्या वाल सोलत बसायच्या, आणि घरी विचारलं तर सांगायच्या, काय करनार, पट्टा तुटलाय ना. मी ओटीवर बसून ऐकायचो. मुसळाच्या ठेक्यात बोलणं चालायचं. एकीचं म्हणणं, मत दिलं आणि नवऱ्याला कळलं तर? दुसरी म्हणायची, नवरा सांगेल त्यालाच द्यायचं, मग मत माझं कसं? तू त्यांना भाषण दिलं नाहीस. एके दिवशी तू माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन गाडगी मांडलीस, एकाला हळदीचं बोट, एकाला काजळीचं. प्रत्येकीच्या हातात एक सोललेला वाल दिलास. नळ कुठं पाहिजे, वडाखाली की उताराच्या वळणावर. हळद म्हणजे वड, काजळी म्हणजे वळण. एकेकीनं आत जायचं, दार लोटायचं, वाल टाकायचा, बाहेर यायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही.

त्या दिवशी दाराशी गिरणीवाल्यांची मुलगी बसली होती. बापाला न सांगता आली होती. तिला काय नि मला काय, एकविसाच्या आत असल्यामुळं मत नव्हतं, म्हणून तू तिला दाराशी बसवलंस आणि आत कोण जायचं ते हाक मारायला लावलंस. मी समोर ओटीवर. ती एकेकीला हाक मारतेय आणि मी तिच्याकडं बघतोय, आणि तरीसुद्धा मला त्या बायकांचे चेहरे आठवतात. आत जाताना हसत जायच्या, थट्टा करत, आणि बाहेर येताना कुणीच हसत नव्हतं. एक मिनिट त्या एकट्या होत्या आणि काय केलं ते कुणालाही माहीत नव्हतं. गाडगी ओतली तेव्हा वळणाला जास्त निघाले, पण वडालाही बरेच होते, आणि एक सासू आपल्या सुनेकडं बघत राहिली. तू कुठं टाकलास गं? सून म्हणाली, ते नाय विचारायचं, काकी बोलल्यात. सासू रागावणार असं वाटलं. ती म्हणाली, बरं बाय, मी पन नाय सांगनार.

अर्ज दाखल झाला. अर्ज मागं घ्यायला अजून काही दिवस होते, आणि गावाची सगळी भिस्त त्या दिवसांवर होती. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी गिरणीवाल्यांनी मला बोलावलं. गिरणीच्या मागं खोली आहे ना, तिथं मला खुर्ची दिली. चहा दिला. मला वाटलं होतं पायल्यांचा हिशेब विचारतील. ते म्हणाले, तू रोज कशाला यायचास ते मी बघत नव्हतो असं नाय. पोरगा वाईट नायस, डोकं गरम हाय. तुझ्या काकीचा अर्ज उद्या मागं आला, की तुमच्या घरी मीच येतो, बोलनी करायला. मुलगी उंबऱ्यापाशी नव्हती, मी दोनदा वळून बघितलं. मी घरी चालत आलो की पळत, मला आठवत नाही.

तू तव्यावर तांदळाची भाकरी टाकली होतीस. मी सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं तुला आनंद होईल, निदान थोडा. तू भाकरीवरून पाण्याचा हात फिरवलास आणि विचारलंस, "तिला विचारलंस?"

"कुनाला?"

"पोरीला रं. दुसऱ्या कुनाला."

मी म्हटलं, तिला काय विचारायचं, तिचा बाप हो म्हणतोय. तू भाकरी उलटलीस. मग माझ्याकडं न बघता म्हणालीस, "मंजे तू बी देवळाच्या पायरीवरचाच."

तुझ्याकडून मी आयुष्यात एवढंच वाईट ऐकलं. आणि त्याच्या बदल्यात मी काय बोललो ते तू विसरली नसशील, मीही विसरलो नाही. मी म्हटलं, तुला स्वतःचं पोर असतं तर कळलं असतं. चुलीतलं लाकूड सरकवलंस, एवढंच. मी ताट न घेता बाहेर गेलो आणि बांधावर बसून राहिलो. मला माझीच कीव येत होती, तुझी नाही. तेव्हा मला तसंच वाटायचं, की प्रेम करणाऱ्या माणसाला सगळं माफ असतं.

सकाळी मी अंघोळ करून आलो तर तू घडी केलेला कागद माझ्या हातात दिलास. चौथीपर्यंत शिकलेलं तुझं अक्षर, मोठं, पाटीवर काढल्यासारखं. माझा अर्ज मी मागे घेत आहे. खाली सही. डोळे सुजलेले नव्हते, आवाज रोजचाच होता. म्हणालीस, "माज्यापाई तुजं लगीन आडायला नको. कागद तुज्याकडं दिला. द्यायचा का नाय ते आता तुज्यावर." आणि तू मुसळ घेऊन उखळापाशी गेलीस, कारण बायका यायची वेळ झाली होती.

यापुढचं गावाला जे माहीत आहे ते असं. मी दुपारच्या एस.टी.नं खालापूरला गेलो. कचेरीत तीनपर्यंत वेळ होती. साडेतीनच्या सुमारास स्टँडवर आपल्या आळीची एक बाई वालाच्या शेंगा विकायला बसली होती, तिनं मला बघितलं. मी खिशातून कागद काढला, त्याचे तुकडे तुकडे केले आणि बसच्या चाकाखाली टाकले. तिनं तुकड्यांतला एक उचलला, त्यावर तुझ्या सहीचं अर्धं अक्षर होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण कळलं. ती माझ्या आधीच्या गाडीनं गावात पोचली. मी आलो तेव्हा उतारावर बायका उभ्या होत्या. सुईण आजीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. तू दारात होतीस. तू पाण्याचा तांब्या दिलास, आणि मग पडवीत गेलीस आणि काकांची सायकल आढ्यावरून खाली घेतलीस. काका गेल्यापासून तिला कुणाला हात लावू दिला नव्हतास. बाबांनी एकदा मागितली होती, तेव्हा पण नाही. चाकांतली हवा गेलेली होती, साखळी गंजली होती. तू ती माझ्याकडं ढकललीस आणि म्हणालीस, "तुज्यावर मी उगाच बोलले." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, पोरगा लाजला.

मतदानाचा दिवस मला अजून समोर दिसतो. शाळेच्या भिंतीला टेकून मी उभा आहे, मत नसलेला. सुईण आजी रांगेत पहिली आहे आणि पुढं कुणाला जाऊ देत नाही. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या आहेत, हळदीकुंकवाला जाव्यात तशा, आणि आत जाताना गप्प होतायत. तू कंदील हे चिन्ह घेतलं होतंस, पण रांगेत कुणालाच सांगितलं नाहीस की कंदिलावर शिक्का मारा. मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, अगं सांग तरी. तू म्हणालीस, मग पयलं काय वाईट होतं.

तू पडलीस. बऱ्यापैकी पडलीस. तुझ्याबरोबर रोज मुसळ चालवणाऱ्यांतल्या काहींनी समोरच्याला मत दिलं असणार, कारण तो त्यांचा जवळचा होता, आणि तुला त्याचं काही वाटलं नाही. त्या संध्याकाळी गावात एक वेगळीच गंमत झाली. घरोघरी पुरुष बायकोला विचारत होते, कुणाला दिलंस, आणि घरोघरी तेच उत्तर मिळत होतं, ते नाय विचारायचं. देवळाच्या पायरीवर मोठमोठी माणसं कपाळाला आठ्या घालून बसली होती. एकानं बायकोला लालूच म्हणून बांगड्या भरून आणतो म्हटलं, तिनं आधी भरून आणा म्हटलं आणि भरल्यावरही सांगितलं नाही. आपल्या घरी बाबा बऱ्याच दिवसांनी चुलीपुढं येऊन बसले. जरा वेळ ताटाकडं बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, स्वतःला तरी दिलंत ना?"

तू म्हणालीस, "ते नाय सांगायचं, भावजी. कुनी बघितलं नाय असं माझ्याकडं तेवढंच एक हाय."

बाबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. म्हणाले, वाढा. दोन महिन्यांनी नळ उताराच्या वळणावर आला. पडलेल्या बाईचं कुणी ऐकलं असं कुणी म्हणालं नाही, पण नळ आला.

पुढच्या वर्षी भात झोडणीच्या दिवसांत तुला ताप आला. कर्जतला दवाखान्यात नेलं तेव्हा सायकलवरून मी पुढं डॉक्टर बघायला गेलो होतो. तुला तिथं आणून खाटेवर ठेवलं तेव्हा तू शुद्धीवर होतीस. मला म्हणालीस, तिला इचार. मी म्हटलं, विचारतो. जे सांगायचं राहिलंय ते सांगायला मी त्या दिवशी थांबायला हवं होतं, तुझ्याजवळ कुणी नव्हतं, सांगता आलं असतं. मी डॉक्टरला बोलवायला गेलो. परत आलो तेव्हा तू झोपली होतीस, आणि मग उठलीच नाहीस.

तिला विचारायला मला आणखी एक वर्ष लागलं. गिरणीमागं कोंड्याचा ढीग असतो तिथं ती कोंडा भरत होती. मी काहीतरी लांबलचक बोललो. तिनं पोत्याचं तोंड बांधलं आणि म्हणाली, "तू कागद फाडलास त्या दिवशीच माझं ठरलं होतं. बाबांचा शब्द मला कळला होता. तू मला विकत घेशील असं वाटलं होतं. नाय घेतलंस." मग हसून म्हणाली, पन विचारायला केवढा वेळ लावलास. मी तिथं उभा होतो, काकी. तोंडात शब्द होते. तेवढ्यात कोंडा नाकात गेला, मी शिंकलो, ती आणखी हसली, आणि मी काही बोललो नाही. त्याला आता आठ वर्षं झाली.

आता ऐक. साडेतीनला स्टँडवर मी कागद फाडला हे खरं आहे. त्याच्या आधी, अडीच वाजता, मी तो कचेरीत दिला होता. रांग नव्हती. मी सरळ टेबलापाशी गेलो, घडी उघडली, कारकुनासमोर ठेवली. मी रस्ताभर तिच्या लग्नातल्या लुगड्याचा रंग ठरवत आलो होतो. कारकुनानं वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, बाई कुठं आहेत? मी म्हटलं, आजारी आहेत. तू तेव्हा भात कांडत होतीस. ते म्हणाले, मग सूचक पाहिजे, नाहीतर तुमच्या नावानं बाईंचं लेखी पाहिजे, असा कुणाच्याही हातून घेता येत नाही. मी म्हटलं, ही त्यांचीच सही आहे. ते म्हणाले, असेल. मी आवाज चढवला. मी टेबलावर हात आपटला. मी म्हटलं मी त्यांचा मुलगा आहे, काकी. पुतण्या म्हटलं तर चालणार नाही असं वाटलं. आदल्या दिवशी तुला काय बोललो होतो, आणि त्या टेबलापाशी मी तुझा मुलगा झालो. ते शांतपणे म्हणाले, मुलगा असलात तरी त्यांना घेऊन या, नाहीतर त्यांनाच विचारल्याशिवाय मी नाव कसं काढू. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजेपर्यंत मी भांडत होतो. तीन वाजल्यावर त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि यादी पुढं ओढली. मग मी बाहेर आलो आणि रागानं कागद फाडला. दुसरं काही नाही. त्या शेंगावालीनं बघितलं आणि पुढचं सगळं गावानं केलं. मी एक शब्दही खोटा बोललो नाही, कारण मला कुणी काही विचारलंच नाही.

त्यांनी कागद घेतला असता, तर मी पेढे घेऊन घरी आलो असतो.

हे मी तुला सांगायला बसलो नव्हतो. बायकोला सांगायला बसलो होतो, लिहून ठेवतो म्हटलं, तिच्या हातात देतो, आणि पहिल्या ओळीवर तुझं नाव आलं. तुला सांगणं सोपं आहे, तू उठून जाणार नाहीस. ती गेली तर? ती जाणार नाही असं मनात मी दहादा ठरवलं आहे, आणि ते मी ठरवायचं नाही हेही आता कळतं. ज्या माणसाला तिनं पसंत केलं तो माणूस त्या दिवशी खालापूरला नव्हताच. खरं सांगून तिला पुन्हा विचारलं पाहिजे, माझ्याबद्दलही आणि सूचकाबद्दलही. मग तिनं सुईण आजीच्या नातीकडून सही घेतली तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण घेऊ दे.

लाइट आली आहे. बाहेर दोन बायका भात घेऊन थांबल्यात, आणि उतारावरून ती येतेय, सही झाली का बघायला. हे पान मी कोंड्याच्या पोत्याखाली सरकवतोय. आज सांगतो तिला, मुदतीच्या आत सांगतो. फक्त तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहितो, की ती दिसली तशी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच: आधी सही करावी, मग सांगावं.